मधल्या रुमालांतला माणूस

गोदामामी थकल्या होत्या. आजच थकल्या होत्या असं नाही. थकवा हा त्यांच्या घरातला एक माणूसच होता, आणि तोही असा की उठून जायचं नाव घेत नाही. सकाळी सासऱ्यांचं अंग पुसायचं, त्यांना पेज भरवायची, शेजारच्या कनकाच्या हवाली करायचं आणि शहराच्या टोकाच्या एन्नोरहून गाडी धरायची. बीच स्टेशनला गाडी बदलून नुंगंबाक्कमला उतरायचं. तिथे दिवसभर दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांची उठबस. संध्याकाळी तीच वाट उलटी, आणि घरी पोचावं तर दोरीवरच्या धुतलेल्या साड्यांवर वीजकेंद्राची राख बसलेली. साडी झटकायची, घडी घालायची, आणि पुन्हा पेज.

मुलगा गिरीधर तिकडे इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. तो फोनवर दर वेळी एकच सांगे, "अम्मा, पोदुम. नोकरी सोड." पुरे झालं म्हणणं फोनवर सोपं असतं. नवरा व्यासराज गेल्यापासून मामींना घराबाहेर ओढून नेणारं हे एकच काम उरलं होतं, आणि ते सुटलं तर राख आणि पेज एवढंच उरेल, हे गिरीधरला कोण समजावणार?

काम असं होतं. नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत, एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर, एक छोटी संशोधन संस्था होती. तंजावरच्या मराठी अमदानीत कुठल्याशा अन्नछत्राचा जो कारभार चालायचा, त्याचे मोडी कागद तिच्या हाती आले होते. कागद कापडाच्या रुमालांत बांधलेले, म्हणून एकेका गाठोड्याला रुमालच म्हणायचे. त्यांचे फोटो काढून ते संगणकात घातले होते. मोडी वाचून देवनागरीत उतरवायची, मग संगणक त्यातली माणसांची नावं वेचणार, कोण कुणाबरोबर कितीदा येतो ते मोजणार आणि त्यांचं जाळं काढणार. कुणी कुणाला धरून होतं, कुणाची चलती होती, कुणाला कधी बाजूला सारलं, हे त्या जाळ्यावरून ओळखायचं. भव्या ही या कामाची कर्तीधर्ती. तिशीची, तरतरीत, तंजावरी मराठी घरातलीच, पण घरात आई-बापांनी तमिळ नि इंग्रजीच बोलून तिचं मराठी अर्धकच्चं ठेवलेलं. मोडी तर तिला मुंग्यांची रांग वाटे. म्हणून मामी.

मामींना मोडी येत होती ती सासऱ्यांमुळे. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा सासरे तंजावरला एका मठात कारकून होते. मुलांनी बापाच्या विद्येकडे पाठ फिरवलेली. दुपारी ते झोपाळ्यावर बसत, सुनेला समोर बसवत आणि घरातले जुने कागद हातात देत. "मोठ्यानें वाच," म्हणत. "मोडी डोळ्यांनीं वाचली तर फसवत्ये. तोंडानें वाचली तर सांपडत्ये." नवी नवरी घशाला कोरड पडेपर्यंत वाचायची. चुकली की झोपाळा थांबायचा. बस, एवढीच शिक्षा. मामींनी पुढे पुष्कळ शिक्षक पाहिले, पण झोपाळा थांबवून शिकवणारा दुसरा पाहिला नाही.

आता त्या शिकवणीत एक अडचण होती. सासऱ्यांचं नाव नागोजी. आणि तंजावरी घरातली सून सासऱ्यांचं नाव घेत नसे. घरातल्या कागदांत तर हे नाव पिढ्यान्‌पिढ्या, कारण आजोबाचं नाव नातवाला, त्याचं पुन्हा त्याच्या नातवाला. पहिल्याच दुपारी वाचता वाचता ते नाव आलं आणि गोदा गप्प. झोपाळाही थांबला. मग सासऱ्यांनीच तोड काढली. "तेथें 'ते' म्हण नि पुढें जा," ते म्हणाले. "मज कळेल."

तेव्हापासून मामींच्या वाचनात नागोजी आला की तोंडातून 'ते' यायचं. ठरवून नव्हे, आपसूक. पापणी लवते तसं. इतर ठिकाणीही त्यांनी आयुष्यभर हीच मर्यादा सांभाळली आणि तिच्यापायी फजित्याही सोसल्या. देवळात अर्चना करायची तर गुरुजी विचारणार, कुणाच्या नावाने? मामी म्हणणार, "स्वाती नक्षत्र," आणि नाव सांग म्हणून शेजारच्या बाईला कोपराने ढोसणार. दवाखान्यात खिडकीवरची पोरगी तमिळमध्ये विचारणार, पेशंटचं नाव काय? मामी कार्ड पुढे सरकवणार. एकदा कार्ड घरी राहिलं, तेव्हा मामींनी रांगेतल्या एका अनोळखी माणसाच्या कानात "नागासारखें, पुढें जी" असं कोडं घातलं होतं. तो बिचारा घाबरून दुसऱ्या रांगेत गेला.

सासरे आता नव्वदीच्या पलीकडे. तंजावरचं बिऱ्हाड मोडून मुलाच्या नोकरीपायी एन्नोरला आले, मुलगा गेला, आपण मागे राहिले. गेलं वर्षभर खाटेवरच. बोलणं जवळजवळ बंद. कान शाबूत होते, पण कुणी काही विचारलं तर नुसते बघत. पाणी हवं? बघत. कूस बदलू? बघत. मामी कधी कधी चिडत, आणि चिडल्याचं वाईट वाटून दुप्पट थकत.

संस्थेत सुरुवातीला मोडी वाचणाऱ्या दोघी होत्या. दुसऱ्या कृष्णवेणी नावाच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, टकटक टंकलेखन करणाऱ्या. रुमाल दोघींनी वाटून घेतले. पहिल्या नि शेवटच्या सालांचे कृष्णवेणींकडे, मधल्या सालांचे मामींकडे. कृष्णवेणी आपला वाटा संपवून लेकीकडे परदेशी गेल्या. मामींची मात्र बोटं सांध्यांत सुजलेली, कळपाटीवर एक शब्द उमटवायला जीव जायचा. म्हणून भव्याने त्यांना कानाला लावायचं एक यंत्र दिलं. तोंडाशी माईक. मामींनी मोठ्याने वाचायचं, संगणक ऐकून लिहिणार. मामी खूश झाल्या. मोठ्याने वाचणं हीच तर त्यांची विद्या.

पहिल्या काही दिवसांत नाव आलं की त्या 'ते' म्हणत आणि मग त्या जागी सुजल्या बोटाने नाव टंकून घेत. पहिल्या एका रुमालापुरतं हे नियमाने केलं. मग सासऱ्यांना एकदा ताप आला, काम मागे पडलं, भव्याच्या वरच्या साहेबांनी तगादा लावला. टंकायचं ते "मग टंकू" झालं, आणि मगची वेळ कधी आलीच नाही. वाईट भाग पुढेच आहे. लिहून झालेली पानं तपासायचं कामही मामींचंच होतं, दुसरं मोडी वाचणारं आता होतंच कोण? त्यांनी पान न् पान तपासलं. 'ते' दिसलं की डोळ्यांना तिथे नागोजीच दिसे. सगळं जागच्या जागी. भव्याने एकदा येऊन विचारलंही होतं, "मामी, मधल्या रुमालांत नावं सुटली नाहीत ना? एखादं?"

"एकही नाहीं, कण्णा," मामी लाडाने म्हणाल्या होत्या, आणि अगदी खरं बोलतोय या समाधानात म्हणाल्या होत्या.

संगणक बिचारा 'तो', 'ती', 'ते' असले शब्द भुशासारखे पाखडून टाकायचा आणि नावं तेवढी ठेवायचा. ह्यात त्याची काही चूक नाही. त्याला सासरे नव्हते.

भव्याची एक मोठी परिषद जवळ आली होती. तिची नेमणूक वर्षावर्षाची, पुढची मिळणं या परिषदेतल्या निबंधावर टांगलेलं. परिषदेआधी तिने संस्थेतल्याच माणसांपुढे एकदा वाचून दाखवायचं ठरवलं. सकाळचं जेमतेम आटोपून मामी मागच्या खुर्चीत येऊन बसल्या. पंखा छान लागत होता. पडद्यावर ठिपके नि त्यांना जोडणाऱ्या रेषा आल्या, आणि मामींच्या पापण्या जड व्हायला लागल्या.

"हा बघा," भव्या इंग्रजीत सांगत होती, "छत्राचा कोठीवाला नागोजी."

मामी दचकून जाग्या झाल्या. ते नाव कुणी असं चारचौघांत बिनदिक्कत घेतलं की अजूनही त्यांचा हात पदराकडे जाई.

"सुरुवातीच्या सालांत हा जाळ्याच्या मध्यावर आहे. धान्य याच्या हातून, तूप याच्या हातून, आचारी याला विचारून. आणि मग..." तिने कळ दाबली. मधला ठिपका नाहीसा झाला. "मधली अकरा वर्षं हा माणूस कुठेच नाही. कोठीवाला हे पद आहे, पद भोगणारा नाही. एकदासुद्धा नाव नाही. आणि शेवटच्या सालांत पुन्हा हजर."

समोरच्या माणसांत कुजबुज झाली. एकाने विचारलं, मेला असेल, नंतरचा दुसरा असेल? भव्या हसली. तिने याचा विचार केलेला होता. नातेवाईक तेच, गाव तेच, माणूस तोच.

"याचा अर्थ त्याला काढलं होतं," ती म्हणाली. "बहुतेक धान्याच्या अफरातफरीवरून. त्याच सुमाराला तांदळाची तूट दिसते. नाव घेणंही बंद केलं, इतकी बदनामी. मोठ्या संग्रहावर संगणक लावला म्हणूनच हे दिसलं, एकेक कागद वाचून कुणाच्या ध्यानात आलं नसतं."

टाळ्या पडल्या. पोरीचा चेहरा उजळला होता. मामींनीही सवयीने हात उचलले, आणि ते तसेच मांडीवर ठेवले. मधली अकरा वर्षं. मधले रुमाल. पहिला सोडून आपले सगळे रुमाल.

सगळे कॉफीला गेले तेव्हा मामी आपल्या टेबलाशी आल्या. मधल्या रुमालातलं एक पान उघडलं, कुठलंही. डावीकडे कागदाचा फोटो, उजवीकडे त्यांनी वाचलेलं. डावीकडे झोकदार मोडीत: तांदूळ छत्रास, हवाला नागोजी कोठीवाला. उजवीकडे: तांदूळ छत्रास, हवाला ते कोठीवाला. दुसरं पान. हवाला ते कोठीवाला. तिसरं. त्यांनी पुढे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, पुढे काय आहे ते त्यांना तोंडपाठ होतं.

दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी इमानाने कोठी सांभाळली. रोज तांदूळ मोजला, भुकेल्या वाटसरूंच्या पंगती उठवल्या, आणि मेला. आणि आज, एन्नोरच्या एका बाईच्या तोंडच्या मर्यादेने तो चोर ठरला. मामींना एकदम हसू आलं, आणि मग त्या हसण्याचीच भीती वाटली.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली, एरवी मिळत नाही. मामींनी डोकं गजाला टेकलं. मूग गिळून बसलं तर काय होईल, याचा त्यांनी अगदी व्यवहारी माणसासारखा विचार केला. काही होणार नाही. मधले रुमाल दुसरं कुणी वाचणार नाही, वाचता येणारं माणूसच उरलं नाही. भव्याचं नाव होईल. तिची नेमणूक पक्की होईल. आपलं काम राहील. नागोजी कोठीवाल्याचं नावगाव विचारायला कोण येणार आहे? त्याचे वंशज असलेच तर ते बहुधा अमेरिकेत आणि मराठी विसरलेले. आणि सांगितलं तर? पोरीचा निबंध गेला. सगळे रुमाल पुन्हा वाचायचे, आणि तेही वेळेत. पुन्हा वाचायचे, या नुसत्या विचारानेच खांद्यांतून कळ आली. इतका थकवा की सज्जनपणाही परवडू नये.

घरी कनका दारातच उभी होती. "आज काही नाही खाल्लं," तिने तमिळमध्ये सांगितलं आणि चपला घालून गेली. सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मामींनी त्यांना उशीला टेकवून बसवलं, चमच्याने पेज ओठांशी नेली. ते बघत राहिले. मामी चमचा धरून बसल्या, हात दुखला तरी धरून बसल्या. या माणसाने जन्मात कुणाची काडी उचलली नव्हती. मठाचा कोठार-हिशोब याच्याकडे होता, आणि घरी मात्र दोन वेळचं साधं जेवण. त्यांच्या नावाचा एक माणूस आता पुस्तकात चोर म्हणून छापला जाणार. त्यांच्या सुनेने वाचलेल्या कागदांवरून. मामींना ते सहन होईना. एवढंच खरं कारण. सत्य, इतिहास वगैरे गोष्टी भव्यासारख्या शिकलेल्यांच्या, त्या मामींच्या डोक्यात नंतर आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या भव्याच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"भव्या, तो कोठीवाला कुठें गेला नव्हता," त्या म्हणाल्या. "तेथेंच होता. मीच त्याचें नांव घेतलें नाहीं."

भव्याला पहिल्यांदा काही कळेचना. मामींनी पान उघडून दाखवलं, बोट ठेवून अक्षरं लावून दाखवली. मग घरची गोष्ट सांगितली. मामंजींचं नाव, झोपाळा, 'ते'. सांगताना त्यांना स्वतःलाच ती गोष्ट खुळचट वाटायला लागली.

भव्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अय्यो मामी," ती हातांआडून म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला. विचारलं होतं ना?"

"विचारलें होतेंस."

"टाइप करायचं होतं ना! एक नाव! तुम्ही एक नाव टाइप करू शकत नव्हता?" तिचा आवाज चढला. "मी साहेबांना काय सांगू? आमच्या मामी सासऱ्यांचं नाव घेत नाहीत, म्हणून माझं रिसर्च गेलं? लोक हसतील मामी. माझ्यावर हसतील."

मामी उभ्याच होत्या. बस म्हणायचं भव्याला सुचलं नाही, आणि मामींनाही बसावंसं वाटलं नाही. ओरडून घ्यायला उभं असलेलंच बरं. थोड्या वेळाने भव्याने डोळे पुसले, नाक पुसलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"सरि, ठीक आहे. बसा," ती म्हणाली. "सगळं पुन्हा वाचावं लागेल. दुसरं कोणी नाही."

"वाचत्यें."

"पण तुम्ही पुन्हा 'ते' म्हणणार." ती विचार करायला लागली. पोरीचं डोकं रागातही चालायचं हे तिचं कौतुक. "मामी, एक आयडिया. नाव नका घेऊ. त्याच्या जागी दुसरं काहीतरी म्हणा, जे कागदात कधीच येणार नाही. टोमॅटो म्हणा. मी नंतर एका झटक्यात सगळे टोमॅटो बदलून नाव घालते. प्रॉब्लेम संपला."

खरोखरच संपत होता. मामींच्या मनावरचा दगड क्षणभर हलका झाला. मर्यादाही राहते, कामही होतं. हवाला टोमॅटो कोठीवाला. त्या हसल्या आणि त्यांच्याबरोबर भव्याही, नाक ओढत, हसली. पण हसू ओसरल्यावर मामींना कसंसंच झालं.

"नको, कण्णा," त्या म्हणाल्या. "एकदां चोर केलें, आतां टोमॅटो कशास करावें? पावम, बिचारा तो. ज्याचें नांव त्यास देऊं."

"तुम्ही घेणार? मोठ्याने?"

मामी उठल्या आणि आपल्या टेबलाकडे वळल्या.

पुढचे कितीतरी दिवस ऑफिसात वाचन चाललं. म्हणजे चालायला हवं होतं. मामी यंत्र कानाला लावत, वाचत, नाव येई, आणि घोडं तिथे पेंड खाई. ओठ नागाच्या 'ना'पर्यंत येत आणि मिटत. पलीकडच्या टेबलावर माणसं बसलेली. त्या सुजल्या बोटाने नाव टंकत, पुढे वाचत. दिवसाला जेमतेम चार पानं. भव्या फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मग कनकाच्या पुतणीचं लग्न निघालं. ती दोन-तीन दिवस येणार नव्हती. सासऱ्यांना एकटं ठेवता येईना. मामींनी संगणक, माईक सगळं पिशवीत भरून घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत मांडलं. मधे दार नाही, पडदा. सकाळचं सगळं आटोपलं होतं, सासऱ्यांनी चार चमचे घेतले होते. बाहेर उन्हात मासळीच्या टोपल्या घेऊन बायका भांडत होत्या. मामी वाचायला बसल्या.

"तांदूळ छत्रास," त्या वाचू लागल्या. "हवाला..."

थांबल्या. खोलीत कुणी नव्हतं. पाठ दुखत होती, मान दुखत होती, आणि सगळ्यांत जास्त हे थांबणं दुखत होतं. किती म्हणून जपायचं? ज्याच्या अंगाला रोज हात लावून पुसतो, ज्याचे कपडे धुतो, ज्याला भरवतो, त्याचं नाव मात्र ओठाला लागू द्यायचं नाही. आणि त्यापायी दुसरा एक बिनकसुरीचा माणूस दोनशे वर्षांनी शिक्षा भोगतोय. मामींना स्वतःचा, मर्यादेचा, सगळ्याचाच संताप आला. त्या संतापातच त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या,

"हवाला नागोजी कोठीवाला."

म्हणून झालं. आभाळ कोसळलं नाही. संगणकावर नाव उमटलं होतं, नीट. मामींनी पुढची, वहिवाटीच्या तुपाची ओळ धरली. "तूप सुदामत, हवाला नागोजी कोठीवाला."

"ओ," आतून आवाज आला.

मामींना वाटलं भास झाला. वर्षभरात त्या खोलीतून शब्द आला नव्हता. त्या पुढे गेल्या. डाळ, गूळ, सरपण. "हवाला नागोजी..."

"ओ! आलों, आलों."

कानाचं यंत्र तसंच गळ्यात लोंबत ठेवून मामी आत धावल्या. सासऱ्यांनी उशीवरून मान उचलली होती. कोपरावर रेटा देऊन ते उठायला बघत होते, आणि डोळे मधल्या पडद्याकडे. आज ते डोळे नुसते बघत नव्हते. शोधत होते.

"कोण बोलावलें मज?"

"मी, मामंजी." मामींची बोबडी वळली. "कागद वाचीत होत्यें. त्यांत नांव होतें. चुकलें माझें."

सासरे कोपरावर आणखी जरा वर सरकले.

"माझे नांवानें बोलावणारे अस्के गेले, एक उरला नाहीं," ते हळूहळू म्हणाले. "आई गेली, अक्का गेली. मठांतले गेले. तूं मामंजी म्हणत्येस, नातू ताता म्हणतो. मज नांव होतें हें मजच आठवेना." त्यांना दम लागला. मामींनी पाठीला हात दिला. "चुकलें म्हणूं नको. पुन्हां बोलाव."

मामी त्यांच्यासमोर उभ्या होत्या. कागदाआडून म्हणणं वेगळं होतं. आता मधे कागद नव्हता, दोनशे वर्षं नव्हती, काही नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि माणसाकडे बघून नाव घेतलं.

"नागोजी."

"ओ," ते म्हणाले, आणि हसले.

मामींनी खुर्ची आत आणली, संगणक स्टुलावर ठेवला आणि खाटेशेजारी बसून वाचायला लागल्या. दर वेळी नाव आलं की खाटेवरून 'ओ' येई. कधी जोरात, कधी पुटपुटल्यासारखी, पण एकही चुकली नाही. दुपारी त्यांनी पेज मागून घेतली. तीन दिवस असं चाललं. मामींचा घसा बसला, पाय सुजले, पण रुमाल संपले.

भव्याला पाठवायच्या आधी मामींनी पानं तपासायला घेतली, आणि या वेळी डोळे ताणून तपासली. संगणकाने इमानेइतबारे ऐकलं होतं. तांदूळ छत्रास, हवाला नागोजी ओ कोठीवाला. तूप सुदामत, हवाला नागोजी ओ कोठीवाला. पानोपानी. पण त्या कोठीवाल्याला कागदावर कुणी 'ओ' द्यायला लावलेली नव्हती, आणि कागदात नाही ते ठेवायचं नाही, हे समजण्याइतका धडा मामींना मिळाला होता. एका झटक्यात सगळ्या काढून टाकायची युक्ती भव्याला ठाऊक होती, फोन केला असता तर तिने सांगितलीही असती. मामींनी फोन केला नाही. सुजल्या बोटाने त्या एकेक 'ओ' खोडत गेल्या, आणि खोडताना त्यांना जे रडू फुटलं ते नवरा गेला तेव्हाही फुटलं नव्हतं. आत मामंजी झोपले होते. मामी आवाज न करता रडल्या, आणि पुढचं पान घेतलं.